पाच पाऊण पावणेचार

आम्हा चौघींची नावं स्टेशनांची आहेत. मी नेरूळ. माझ्यानंतरच्या स्टेशनात चढायची ती जुईनगर, मग सानपाडा, शेवटी वाशी. १९९३ मध्ये गाडी नेरूळपर्यंत आली आणि आठ बाराच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, पर्स, डबा आणि छत्री ठेवून तीन जागा धरायचं काम माझ्याकडे आलं. ते निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिलं. घरी, कचेरीत, रेशनकार्डावर आम्हाला आमची नावं आहेत. पण एकमेकींची बाळंतपणं, सासवांची आजारपणं, मुलांचे दहावीचे निकाल हे सगळं त्या डब्यात झालं, आणि तिथे हाक स्टेशनाचीच. अजूनही फोन उचलला की पलीकडून आवाज येतो, "वाशी बोलतेय गं."

तीस वर्षांत आम्ही कमी फिरलो नाही. घारापुरी, कर्नाळा, अलिबाग, वसईचा किल्ला. प्रत्येक सहलीला एक कुंपण मात्र होतं. घरातलं उरकून निघायचं, दहाच्या सुमारास पोचायचं, पाचला परतीची गाडी धरायची. सातला कुकर लावायचा असे. कुणी बंदी घातली होती असं नाही. आम्हीच मनात ती वेळ बांधून घेतली होती, आणि मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली तरी ती सुटली नाही. दहा ते पाच. समुद्र, डोंगर, फुलं, सगळं आम्ही त्या सात तासांत पाहिलं, आणि आपण ते पाहिलं आहे अशी माझी खात्री होती.

जुईनगरचं माहेर करंज्याचं. उरणच्या पुढे, जमीन संपते तिथे. धरमतरच्या खाडीचं तोंड, समोर रेवस. वडील होडीवर जायचे. आई ऐंशी ओलांडलेली, एकटीच राहते, आणि तिला मुंबईकडे आणायचा प्रयत्न लेकीने केव्हाच सोडून दिला आहे. त्याऐवजी निवृत्तीनंतर लेकच अर्धा आठवडा तिकडे असते. "वस्तीला या," असं ती आम्हाला किती वर्षं म्हणत होती. पूर्वी ते जमणारं नव्हतं. पण जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत गेली, नेरूळहून तासाभराच्या आतला प्रवास झाला, आणि लांब आहे हे कारण संपलं. मग नवीन कारणं शोधण्यात आणखी काही काळ गेला. यंदा होळी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आली. धुळवडीला जुईनगरचा फोन आला. "रंगपंचमीला या. डोंगर पेटलाय."

चौघींत सगळ्यात अवघड वाशीचं होतं. घरी नव्वदीच्या सासूबाई. त्यांचं रात्रीचं औषध वाशीच्याच हातून जातं. मुलगा म्हणाला, "आई, एक रात्र मी देतो." तरीही गाडीत बसल्यावर तिने सांगून ठेवलं, "मी संध्याकाळी निघेन हं. धरू नका मला." आम्ही बरं म्हटलं.

सीवूड्स मागे पडलं की गाडी खाडीवरच्या पुलावर येते आणि दोन्ही खिडक्यांत तिवरांची हिरवी पट्टी सुरू होते. आमचं सगळं शहर या पट्टीच्या कडेला बसलं आहे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर ते उभं राहिलं. भातखाचरं, मिठागरं, खाजणं. माझं नेरूळचं घरही कुणाच्या तरी शेतावर आहे. जुईनगर हे कधी कडवटपणे बोलली नाही. पण खिडकीतून ती जी गावं दाखवते, त्यांची नावं बाहेरच्या पाट्यांवर नसतात.

द्रोणागिरी डोंगर फार उंच नाही. गावातली माणसं सांगतात की लक्ष्मणासाठी हनुमान पर्वत घेऊन चालला होता, त्यातला एक तुकडा इथे पडला. वर किल्ल्याचे अवशेष आहेत. यादव, पोर्तुगीज, १७३९ मध्ये मानाजी आंग्रे, असा त्याचा इतिहास. एका पडक्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. पायथ्याशी तेल आणि वायूचा प्रकल्प. त्या टाक्यांच्या मागेच रान सुरू होतं.

आणि खरोखर ते पेटलं होतं.

आपल्याकडे वसंत जमिनीवर येत नाही. जमिनीवरची फुलं श्रावण-भाद्रपदातली. तेरडा, सोनकी, कवळा. फाल्गुनात पायाखाली असतो पिवळा कडक पाला आणि तापलेली माती. वसंत बघायचा तर मान वर करावी लागते, कारण तो नागड्या फांद्यांवर येतो. पानं गाळून टाकायची, पाणी वाचवायचं, आणि उरलेलं सगळं फुलांवर खर्चायचं अशी या झाडांची रीत. पळसाच्या फांदीला एक पान नव्हतं आणि तळापासून टोकापर्यंत शेंदरी. जवळ जाऊन पाहिलं तर कळीखालचा पेला काळपट, मखमली, आणि त्यातून वाकडी निघालेली पाकळी, अगदी पोपटाची चोच. संस्कृतात याला किंशुक म्हटलं आहे. किं शुकः, हा पोपट तर नव्हे ना? ज्याने पहिल्यांदा हे म्हटलं तो झाडाखाली थांबून, डोळे बारीक करून वर बघत असणार.

पांगारा त्याहून भडक. काटेरी फांदीच्या टोकाला लाल नखांचा पंजा. काटेसावरीची फुलं जाड, मांसल, आणि ती गळतात ती पाकळी पाकळी करून नाही, अख्खी. थप्प आवाज येतो. आम्ही सावलीला बसलो असताना सानपाड्याच्या पाठीमागे एक पडलं आणि ती दचकून उठली. उचलून पाहिलं तर आतल्या पेल्यात अजून मध होता. वरती साळुंक्या, बुलबुल, कावळे, इवलासा जांभळा शिंजीर, सगळ्यांची गर्दी. रानात एवढं खायला एरवी एका जागी कुठे असतं? रस्त्याच्या कडेने गिरिपुष्पही फुलला होता, फिक्या गुलाबी तुऱ्यांचा. तो आपला नव्हे, मध्य अमेरिकेतून आलेला. पण कोकणातला शेतकरी त्याचा पाला खतासाठी खाचरात घालतो, आणि इतकी वर्षं राहिल्यावर त्याला परका म्हणणं मला तरी जमत नाही. आम्ही तिघीही बाहेरूनच आलेल्या.

करवंदीच्या जाळीपाशी जुईनगर थांबली. काळ्याभोर काट्यांत पांढऱ्या चांदण्या. "वास घ्या, हात लावू नका. मे महिन्यात यायचंय ना परत?" एक फूल म्हणजे एक करवंद, हा हिशोब तिला लहानपणीच शिकवला गेला होता. फुलं तोडली की आई ओरडायची.

माथ्यावर पोचायला आम्हाला लोकांपेक्षा दुप्पट वेळ लागला. वाशीचा गुडघा, माझा दम. वर मात्र वारा होता. एका बाजूला मुंबई धुरकट, एका बाजूला जवाहरलाल नेहरू बंदराच्या क्रेन, आणि दक्षिणेला करंज्याची कौलं व धक्क्याला लागलेल्या होड्यांचे रंगीत झेंडे. होळीला होड्या सजवतात, ते झेंडे अजून उतरवले नव्हते.

दुपारी जुईनगरच्या आईच्या ओटीवर जेवलो. तांदळाची भाकरी, खाडीची कोलंबी, सानपाडा शाकाहारी म्हणून तिच्यासाठी कडव्या वालांचं बिरडं. बिरडं शेवटी सगळ्यांनीच संपवलं. जेवण झालं तसं वाशीने विचारलं, खाडीवर कधी जायचं, कारण तिला साडेपाचपर्यंत स्टेशन गाठायचं होतं.

म्हातारीने बोटांची पेरं मोजली. "आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पानी भरंल."

आम्हाला कळेना. मग जुईनगरने समजावून सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पुनवेपासून आणि अवसेपासून तिथी मोजायची. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसा एकदा, रात्री एकदा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा येतो, आणि समुद्र त्याच्यामागून. शाळेत पाउणकीचा पाढा असायचा तो माझ्या वडिलांच्या पिढीला पाठ होता. मला त्याचा उपयोग कधी कळला नव्हता. ही बाई शाळेत फार गेलेली नाही. तिला तो तिच्या वडिलांनी होडीच्या कडेवर बसून शिकवला. नवऱ्याची होडी कधी निघेल, कधी लागेल, कालवं फोडायला खडकावर कधी उतरायचं, सगळं या पाढ्यावर. मी मोबाईलवर त्या दिवसाची भरतीची वेळ काढून पाहिली. फारसा फरक नव्हता. मोबाईल परत पिशवीत ठेवताना मला उगाचच संकोच वाटला, आपण तपासून पाहिलं म्हणून.

पावणेचारला बांधावर होतो. पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत चढलं होतं आणि थांबलं होतं. भरती पूर्ण झाली की खाडी काही क्षण इकडे ना तिकडे अशी स्थिर असते, ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. बांधाच्या कडेला मारांडी फुलली होती. पानं अशी काटेरी की बोट लावायची सोय नाही, आणि त्यातून वर आलेली निळसर जांभळी फुलं. फुलाला वरचा ओठच नाही, फक्त खालचा, रुंद, पुढे आलेला. सानपाडा म्हणाली, "रुसलेलं मूल."

त्यापुढे, पाण्यात पाय रोवून, चिपीचं झाड. ऐरोलीला वन विभागाचं किनारी जैवविविधता केंद्र आहे तिथे मी हे झाड पाटीसकट पाहिलं होतं. पांढरी चिपी. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. त्या पाटीपुढे आम्ही फोटोही काढला होता, सकाळी अकराच्या उन्हात, आणि झाडावर फूल काही दिसलं नव्हतं. आताही नव्हतं. जाड हिरव्या कळ्या आणि टोपी घातल्यासारखी गोल फळं, एवढंच.

"चिपी आता कशी दिसंल?" म्हातारी म्हणाली. ती काठी टेकत आमच्या मागून आली होती. "दिवे लागल्यावर या गो पोरींनो. तवा उघडते."

वाशीने घड्याळ पाहिलं. तिच्या खांद्याला पिशवी होती. आम्ही कुणीच काही बोललो नाही, तिने धरू नका म्हणून सांगितलं होतं. ती बांधावर थोडी पुढे चालत गेली, तिकडून घरी फोन लावला, बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा पिशवी तिने जुईनगरच्या हातात दिली.

"गोळ्यांचा डबा फ्रिजच्या वर आहे हे त्याला ठाऊकच होतं," एवढंच ती म्हणाली.

सूर्य मावळतीकडे उतरला. पाणी ओसरू लागलं होतं आणि चिपीची श्वासमुळं चिखलातून एकेक करून वर येत होती, जाड, टोकदार, गाजरं उलटी रोवल्यासारखी. तिवराची मुळं यापेक्षा बारीक, पेन्सिलीएवढी. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात. निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, त्यांच्यामधून उड्या मारत होत्या. गावातले दिवे लागले. देवळात द्रोणागिरी देवीची आरती सुरू झाली, तिचा आवाज वाऱ्याप्रमाणे मोठा-लहान होत होता.

कळ्यांपैकी एकीच्या टोकाला चीर पडली होती. मी म्हटलं, हे मघाशी होतं का? कुणालाच सांगता येईना. मग आम्ही ती एकच कळी धरून बसलो. जाड हिरवी पाकळं हळूहळू मागे वळत गेली, आतल्या बाजूने लालसर, आणि मध्ये दाबून बसवलेले पांढरे तंतू सैल झाले. सैल झाले म्हणजे नेमके कधी, ते डोळ्यांना दिसत नव्हतं. मान वळवून पुन्हा पाहिलं की आधीपेक्षा जास्त असायचे. शेवटी त्यांचा अख्खा झुबका बाहेर आला, पावडर लावायच्या पफासारखा, मऊ, पांढराशुभ्र, आणि मधोमध एक लांब हिरवट दांडी. सानपाड्याने टॉर्च लावला आणि लगेच बंद केला. उजेडाची गरज नव्हती. अंधार वाढत गेला तशी ती फुलंच जास्त दिसू लागली. एक, दोन, मग झाडभर. पंचमीचा चंद्र उगवायला अजून दोन-तीन तास होते. वरती चांदण्या आणि खाली ही.

वास फार गोड नव्हता. किंचित आंबूस, ताकाच्या जवळचा. तो आमच्यासाठी नव्हताच. थोड्या वेळाने डोक्यावरून काहीतरी गेलं, फांदी हलली, पुन्हा गेलं. वटवाघूळ. त्यांच्यासाठी आणि रात्रीच्या पतंगांसाठी ही फुलं उघडतात. म्हणून पांढरी, म्हणून रात्री, आणि एकाच रात्रीपुरती. सकाळी तंतू गळून जातात.

मी चिखलाकडे बघत होते आणि मला सारखं ऐरोलीचं ते अकराचं ऊन आठवत होतं. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, ते वाचून मी आनंदाने पेढे वाटले होते. रोहित मी दरवर्षी बघायला जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडणं हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे असं म्हटलं, ते कात्रण माझ्याकडे आहे. मी या झाडांसाठी सह्या गोळा केल्या आहेत, दारोदार. घराजवळच्या खाडीकाठी एका रात्रीत डबर टाकलेलं पाहून रडले आहे. आणि त्या झाडांना फूल येतं ते मी पाहिलेलं नव्हतं. तीस वर्षं त्यांच्या कडेने गाडीने गेले. सकाळी आठ बाराला आणि संध्याकाळी सातच्या आत.

म्हातारी आणि वाशी सगळ्यात शेवटपर्यंत बांधावर होत्या. आम्ही घरात भाकऱ्यांचं बघत होतो, दोघींचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. सासूबाईंबद्दल काहीतरी, गुडघ्याबद्दल, मग बराच वेळ काहीच नाही. रात्री ओटीवर गोधड्या टाकून झोपलो. झोपलो म्हणजे, चौघी एका रांगेत पडलो आणि डब्यात बोलायचो तशा बोललो, फक्त मध्ये कुणाचं स्टेशन आलं नाही.

पहाटे साडेचारला पुन्हा भरती होती. सहा पाऊण साडेचार. मी जागी होते, तेव्हा पाण्याचा आवाज घराच्या जवळ आलेला ऐकला.

उजाडल्यावर बांधावर गेलो. चिपीखालच्या ओसरत्या पाण्यावर पांढरे तंतू तरंगत होते, शेवयांसारखे, आणि झाडावर नुसत्या हिरव्या दांड्या उरल्या होत्या. वाशीने वाकून थोडे तंतू तळहातावर घेतले. ओले, चिकट, रंग उतरत चाललेले. मग रिक्षा करून पिरवाडीला गेलो आणि तिथून केगावच्या बाजूला वाळूतून चालत राहिलो.

तिथे मर्यादवेल होती. हे नाव मला फार आवडतं. भरतीची रेघ जिथे संपते तिथून ही वेल सुरू होते, म्हणून ती समुद्राची मर्यादा. पान आपट्यासारखं मधोमध दुभंगलेलं, जाडसर. वेल वाळूवर पसरत जाते आणि पेरापेराला मूळ धरते. तिच्या जाळ्यामुळे वाळू वाऱ्याबरोबर उडत नाही. सकाळच्या उन्हात तिची गुलाबी-जांभळी फुलं सगळ्या तोंडांनी उघडली होती, घशाकडे गडद होत गेलेली. ही सकाळची. ऊन चढलं, दुपार झाली की मिटतात. एखाद्या किनाऱ्यावर आम्ही उशिरा पोचून, डबे उघडून, सुरकुतलेल्या फुलांच्या याच वेलीवर बसलो असू.

सानपाड्याने चप्पल काढून हातात घेतली आणि वेलीचा एकही पेर तुडवला जाणार नाही अशी, पाऊल शोधत शोधत, पलीकडे गेली. आम्ही तिच्या पावलांवर पाऊल टाकत गेलो.

म्हातारीने निघताना प्रत्येकीच्या हातात सुकटीची पुडी दिली, सानपाड्याला वाल. वाशीला ती म्हणाली, "आता दशमीला ये. चिपी उघडंल तवा पानी तिच्या पायाशी असंल. दोनदा दिसंल. वर एक, खाली एक."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा वाशीला दिली. पुलावर आलो तेव्हा ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, घरच्या गोळ्यांचा हिशोब.

"दहा पाऊण साडेसात," ती म्हणाली. "दिवेलागणीला पाणी चढत असेल. चैत्रातली दशमी म्हणजे रामनवमीचा दुसरा दिवस. नेरूळ, कोणत्या गाडीने निघायचं?"